टर्बोच्या ऑईल लाइन: आधी ड्रेन ठरवा, मग फीड

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुळात टर्बो नसलेल्या १.६ लिटरच्या पेट्रोल इंजिनावर जर्नल बेअरिंगचा (ज्यात शाफ्ट ऑईलच्या थरावर फिरतो असा) छोटा टर्बो बसवला आहे. ऑईल प्रेशर स्विचच्या जागी टी (तीन तोंडांचा जोड) लावून तिथून ४ एएनची (एएन हे होज आणि फिटिंगच्या आकाराचे क्रमांक) फीड लाइन, म्हणजे टर्बोला ऑईल पुरवणारी नळी, घेतली आहे आणि ड्रेनसाठी, म्हणजे ते ऑईल परत इंजिनात सोडण्यासाठी, ६ एएनचा होज वापरला आहे. क्रॉस मेंबर (गाडीच्या खालची आडवी तुळई) चुकवण्यासाठी हा होज खाली जाऊन पुन्हा थोडा वर चढतो आणि मग ऑईल चेंबरला (इंजिनाच्या तळाच्या ऑईलच्या टाकीला) मिळतो. इंजिन चालू केल्यावर पहिली दोन-तीन मिनिटे सगळे ठीक असते; त्यानंतर आयडलवर सायलेन्सरमधून निळा धूर येऊ लागतो. टर्बोचे सील गेले असे निदान झाले, टर्बो बदलला, तरी धूर तसाच राहिला. आता फीडला रिस्ट्रिक्टर (प्रवाह कमी करणारे बारीक छिद्र) बसवावा का, आणि बसवायचा तर किती छिद्राचा, असे विचारले आहे.

रिस्ट्रिक्टरचा विचार सध्या बाजूला ठेवावा, असे माझे मत आहे. दिलेल्या वर्णनावरून दोष ड्रेनमध्ये आहे, आणि मोरी तुंबलेली असताना नळ बारीक करून भागत नाही. ऑईल टर्बोमध्ये पंपाच्या दाबाने शिरते. बाहेर पडताना मात्र त्याच्यामागे कोणताही दाब नसतो, ते केवळ स्वतःच्या वजनाने खाली पडते. त्यामुळे फीडमधील बारीकसारीक चुका बहुतेक वेळा पचून जातात, ड्रेनमधील एकही पचत नाही. प्रत्यक्षात लोक नेमके उलटे करतात: फीडचा चकचकीत होज आधी बसवतात आणि ड्रेनला उरलेल्या जागेतून वाट काढायला लावतात. टर्बो कोणत्या उंचीवर आणि कोणत्या कोनात बसेल, हेसुद्धा ड्रेन पाहून ठरवले पाहिजे.

नवा टर्बोही धूर का देतो, हे समजण्यासाठी सील कसे असतात ते पाहू. टर्बोच्या शाफ्टच्या दोन टोकांना क्रँकशाफ्टला असतात तसे रबरी लिप सील नसतात. मिनिटाला लाखाहून अधिक फेरे आणि शेजारी तापलेले टर्बाइन, अशा जागी रबर टिकणारच नाही. तिथे पिस्टन रिंगसारखी धातूची बारीक कडी असते. ती हाउसिंगमध्ये ताणून स्थिर बसते आणि शाफ्टवरील खाच तिच्या आत फिरते. दोहोंमध्ये किंचित फट असतेच. शाफ्टवरची कड ऑईल बाहेर भिरकावते, ते हाउसिंगच्या भिंतीवरून ओघळून तळाच्या छिद्रातून निघून जाते, आणि बाहेरच्या बाजूचा वायूचा दाब आतल्यापेक्षा जास्त असल्यामुळे कडीपर्यंत आलेला थोडाफार अंशही आतच ढकलला जातो. ही सगळी रचना एकाच गृहीतावर उभी आहे: मधले हाउसिंग जवळजवळ रिकामे असले पाहिजे. ड्रेन तुंबून ऑईलची पातळी शाफ्टपर्यंत चढली, की ती कडी कितीही नवी असो, ऑईल टर्बाइनकडे जाणार. आयडलवर दोन्ही बाजूंचा वायूचा दाब सर्वांत कमी असतो, म्हणून धूर तेव्हाच दिसतो. पहिली दोन-तीन मिनिटे धूर नसणे म्हणजे हाउसिंग भरायला लागणारा वेळ होय.

बाहेर पडणारे ऑईल आत शिरलेल्या ऑईलसारखे नसते, ही गोष्ट फार थोडे लोक लक्षात घेतात. बेअरिंगमध्ये घुसळून निघाल्यामुळे ते फेसाळलेले असते आणि त्याचे आकारमान वाढलेले असते. शिवाय दोन्ही टोकांच्या कड्यांमधून थोडा वायू सतत हाउसिंगमध्ये शिरत असतो आणि त्यालाही याच वाटेने क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या पोकळीत) जायचे असते. म्हणजे ड्रेनमधून ऑईल, फेस आणि वायू असे तिन्ही जातात आणि ते नीट जाण्यासाठी नळी अर्धीच भरलेली राहायला हवी. आता आकार पाहा. ४ एएन होजचा आतला व्यास साधारण ५.६ मिमी, ६ एएनचा साधारण ८.७ मिमी आणि १० एएनचा साधारण १४.३ मिमी असतो. क्षेत्रफळात मांडले तर हे अनुक्रमे सुमारे २५, ६० आणि १६० चौरस मिमी होते. आपला ६ एएनचा ड्रेन १० एएनच्या निम्माही नाही. छोट्या टर्बोलाही १० एएनपेक्षा लहान ड्रेन मी बसवत नाही. जागा असेल तर १२ एएनने नुकसान काहीच होत नाही. टर्बोच्या तळाच्या छिद्रापेक्षा नळी कुठेही अरुंद होऊ नये, हा त्यातला किमान नियम.

येथे होजचा आकडा पाहून समाधान मानू नये. स्वस्त फ्लँज ॲडॉप्टरवर १० एएनचे आटे असतात, पण आतले छिद्र जेमतेम १० मिमी असते. काटकोनातील काही एल्बो वाकापाशी आतून चक्क चिमटलेले असतात. फ्लँजखालच्या गॅस्केटचे छिद्र दोन-तीन मिमी सरकलेले असते आणि तेवढा अर्धचंद्र ड्रेनच्या तोंडावर आडवा येतो. प्रत्येक सुटा भाग उजेडासमोर धरून आरपार पाहणे आणि व्हर्नियर कॅलिपरने सर्वांत अरुंद जागा मोजणे, एवढे काम होज आवळण्यापूर्वी करावे. या फ्लँजवर सिलिकॉन सीलंट लावू नये. आवळल्यावर ते आतल्या बाजूला फुगते, सुकते आणि एक दिवस तुटून चेंबरमध्ये पडते. सपाट पृष्ठभाग आणि चांगले गॅस्केट पुरेसे असते.

आता मार्ग. ड्रेनच्या दिशेबद्दल गॅरेट या टर्बो बनवणाऱ्या कंपनीची सूचना अशी आहे की, गाडी सपाट जमिनीवर असताना ड्रेन गुरुत्वाच्या दिशेपासून ३५ अंशांपेक्षा जास्त कलू नये. शाफ्टचा अक्ष आडव्या रेषेपासून १५ अंशांच्या आत असावा, हा त्याच्याच जोडीचा नियम. मार्गात आडवा लांब पट्टा नको, आणि चढ तर अजिबात नको. आपल्या होजमध्ये आहे तसा खाली जाऊन वर येणारा वळसा ऑईलने कायमचा भरलेला राहतो. वायूला मग वाटच उरत नाही आणि वरून आलेला फेस त्याच्यावर साठत जातो. खालच्या टोकाची उंची फ्लँजपेक्षा कमी आहे, म्हणजे ऑईल शेवटी जाईलच, असा युक्तिवाद होतो. साध्या पाण्याबाबत तो खराही ठरला असता, फेसाबाबत तो चालत नाही.

मार्ग शोधण्याची माझी पद्धत साधी आहे. गाडी सपाट जागी उभी करावी, टर्बो तात्पुरता मॅनिफोल्डवर बसवावा आणि ड्रेनच्या छिद्रातून दोऱ्याला बांधलेला एक जड नट लोंबकळत सोडावा. दोरा जिथून जातो ती आदर्श रेषा. तिच्या आड काय येते, चेंबरची भिंत किती बाजूला आहे आणि उंचीचा किती फरक हाती आहे, हे सगळे एका नजरेत कळते. दोरा तिरक्या जागी पडत असेल, तर आधी हाउसिंग फिरवता येते का ते पाहावे. कॉम्प्रेसर आणि टर्बाइन या दोन्ही बाजूंचे बोल्ट किंवा क्लँप सैल केले, की मधले हाउसिंग फिरवून ड्रेन बरोबर खाली आणता येतो. हे करताना शाफ्टची चाके हाउसिंगला घासू देऊ नयेत. एवढ्याशा धक्क्याने पात्याचे टोक वाकते. तरीही जमत नसेल तर मॅनिफोल्ड बदलून टर्बो वर उचलणे हाच खरा उपाय आहे. तो महाग वाटतो, पण पुढच्या सगळ्या खटाटोपापेक्षा स्वस्त पडतो. आपल्या बाबतीत क्रॉस मेंबरच्या वरून ४५ अंशांचा एक फिटिंग देऊन जागा निघेल असे वर्णनावरून वाटते. ती निघाली नाही, तर चेंबरवरील प्रवेशाची जागा बदलावी, पण वळसा ठेवू नये.

चेंबरमध्ये ड्रेन कुठे सोडायचा, याला तीन अटी आहेत. तो ऑईलच्या पातळीच्या वर असावा, क्रँकशाफ्टवरून उडणाऱ्या ऑईलच्या थेट माऱ्यात नसावा आणि आत शिरल्यावर समोर बॅफल (ऑईल अडवणारी पट्टी) किंवा भिंत नसावी. पातळी डिपस्टिकच्या वरच्या खुणेनुसार धरावी आणि वळणावर किंवा जोरात ब्रेक मारल्यावर ऑईल एका बाजूला चढते हे लक्षात घेऊन वर थोडी जागा सोडावी. पातळीखाली सोडलेला ड्रेन हा न दिसणारा वळसाच असतो. काही इंजिनांच्या ब्लॉकवर याच कामासाठी ओतकामातच जागा सोडलेली असते, कारण त्याच ब्लॉकवर टर्बोचे मॉडेलही निघालेले असते. जुन्या इंजिनांत यांत्रिक फ्युएल पंपाचे झाकण असते. तेही अनेकदा उत्तम प्रवेशद्वार ठरते. यातले काही मिळाले तर चेंबरला हात लावावा लागत नाही.

चेंबरला छिद्र पाडायचेच असेल तर तो खाली उतरवावा. ड्रिलला ग्रीस लावून जागेवरच छिद्र पाडण्याची युक्ती बरेच जण सांगतात. ग्रीस बहुतेक कीस पकडते, पण बेअरिंगला नुकसान करायला उरलेला कीस पुरतो. उतरवलेल्या चेंबरवर वेल्डिंगचा बॉस (फिटिंग बसवण्यासाठीचा जाड तुकडा) लावून घ्यावा: पत्र्याच्या चेंबरला पितळी झाळ किंवा टिग, ॲल्युमिनियमच्या चेंबरला टिगच. ॲल्युमिनियमचे ओतकाम वर्षानुवर्षे ऑईल प्यायलेले असते, त्यामुळे ते आधी चांगले धुऊन आणि तापवून घेतले नाही तर वेल्डमध्ये बारीक छिद्रे राहतात. तपासणीसाठी बाहेरून वेल्डवर खडू घासावा आणि आतून रॉकेल ओतून काही तास ठेवावे. गळती असेल तर खडूवर ओला डाग उठतो. वेल्डिंगच्या उष्णतेने चेंबरची कड वाकली नाही ना, हे सपाट काचेवर ठेवून पाहावे.

ड्रेनच्या होजसाठी साधा रबरी नळ किंवा रेडिएटरचा होज चालत नाही. नायट्राइल रबर ऑईलला टिकते, पण टर्बोजवळच्या उष्णतेत कडक होऊन तडकते. साधा सिलिकॉन होज उष्णता सहन करतो, पण ऑईल शोषून मऊ पडतो आणि पाझरू लागतो. आतून फ्लुरोसिलिकॉनचे अस्तर असलेलाच घ्यावा. पीटीएफई (टेफ्लॉन) होज दोन्ही सहन करतो. मात्र १० एएनच्या आकाराला तो फारच ताठ असतो, जबरदस्तीने वाकवला की मोडतो आणि मोडलेली जागा पुन्हा गोल होत नाही. म्हणून वाक होजला न देता फिटिंगला द्यावा, किंवा वरचा अर्धा भाग स्टीलच्या नळीचा आणि खाली जोडाला छोटा लवचीक तुकडा ठेवावा. मूळ कंपनीच्या टर्बो गाड्यांमध्ये हीच रचना सर्रास दिसते. टर्बो आणि चेंबर दोन्ही इंजिनलाच जोडलेले असल्यामुळे ते बरोबरच हलतात, तरी मॅनिफोल्ड तापून वाढतो आणि त्या हालचालीसाठी थोडी लवचीकता लागतेच. होजला चॅसिसवर क्लँप मात्र करू नये, कारण इंजिन माउंटिंगवर डोलते आणि चॅसिस डोलत नाही.

ड्रेन निर्दोष असूनही धूर येतो, अशी एक स्थिती आहे आणि ती ओळखता आली पाहिजे. ती म्हणजे क्रँककेसमधला दाब. पिस्टन रिंगमधून निसटणारा वायू टर्बो लावल्यावर वाढतो. मूळचा ब्रीदर (हा वायू बाहेर सोडणारी नळी) टर्बो नसलेल्या इंजिनासाठी असतो. बूस्ट (टर्बोने दाबलेली हवा) असताना इनटेक मॅनिफोल्डमध्ये निर्वात नसतो, म्हणून पीसीव्ही वाल्वची (क्रँककेसमधला वायू इनटेकमध्ये सोडणाऱ्या झडपेची) ती वाट बंद होते. मग दाब चेंबरमध्ये साठतो आणि ड्रेनच्या तोंडावर उलटा रेटा देतो. हा रेटा किती नगण्य दाबाने तयार होतो ते पाहा. ऑईलची घनता पाण्याच्या सुमारे ०.८५ पट धरली, तर अवघा १० मिलिबार दाब १२ सेंटिमीटर उंचीचा ऑईलचा स्तंभ तोलून धरतो. फेसाची घनता त्याच्या निम्मी असेल, तर तोच दाब २४ सेंटिमीटरचा फेस तोलतो. टर्बोचा ड्रेन आणि चेंबरमधली पातळी यांत अनेक गाड्यांमध्ये एवढाच काय तो फरक असतो. टायरच्या गेजवर १० मिलिबार दिसणारही नाही, म्हणून मोजण्यासाठी पारदर्शक नळीत पाणी भरून केलेला यू आकाराचा मॅनोमीटर डिपस्टिकच्या नळीला जोडावा. पाण्याच्या दोन पातळ्यांमधला १० सेंटिमीटर फरक म्हणजे जवळजवळ १० मिलिबार. व्हॉल्व्ह कव्हरवरून मोठ्या व्यासाचा ब्रीदर काढून तो कॅच टँकमार्गे (वायूतले ऑईल अडवणाऱ्या टाकीतून) टर्बोच्या आधीच्या इनटेकला जोडला, तर बहुतेक इंजिनांचा प्रश्न सुटतो. कॉम्प्रेशन किंवा लीक-डाउन चाचणीत रिंगच झिजलेल्या निघाल्या, तर मात्र ब्रीदर मोठा करून फारसे साधत नाही.

फीडकडे वळू. ऑईल मुख्य गॅलरीतून (इंजिनातील ऑईलच्या मुख्य वाहिनीतून), फिल्टरमधून गाळून निघाल्यानंतरच्या बाजूने घेतले पाहिजे. प्रेशर स्विचची जागा बहुतेक इंजिनांत याच गॅलरीवर असते, त्यामुळे आपली निवड योग्य आहे. सिलिंडर हेडवरून घेणे टाळावे. अनेक इंजिनांत हेडकडे जाणाऱ्या वाटेत मुद्दाम बारीक छिद्र ठेवलेले असते, त्यामुळे तिथला दाब कमी असतो आणि थंड इंजिनात ऑईल उशिरा पोहोचते. फिल्टरखाली बसवायच्या सँडविच प्लेटबाबत सावध करावेसे वाटते. स्पिन-ऑन फिल्टरमध्ये ऑईल बाहेरच्या कड्याकडून शिरते आणि मधल्या छिद्रातून गाळून निघते. साध्या सँडविच प्लेटच्या बाजूची छिद्रे पुष्कळदा बाहेरच्या कड्यात उघडतात, म्हणजे तिथून मिळणारे ऑईल अजून गाळलेले नसते. गेजला त्याने फरक पडत नाही. टर्बोच्या बेअरिंगला पडतो. छिद्रात तार घालून ती कुठे निघते ते पाहिले की निकाल लागतो.

स्विचच्या जागी पितळी टी लावून त्यावर जड प्रेशर सेंडर लटकवलेला असेल, तर तो काढून छोट्या होजने बॉडीवर घ्यावा. इंजिनच्या कंपनाने पितळी टी मुळाशी तडकतो, आणि तो तडकला की पूर्ण दाबाचे ऑईल तापलेल्या एक्झॉस्टवर उडते. आटेही पारखून घ्यावेत. १/८ एनपीटीला इंचात २७ आटे आणि ६० अंशांचा कोन असतो, १/८ बीएसपीटीला २८ आटे आणि ५५ अंशांचा. ते एकमेकांत दोन-तीन फेरे छान बसल्यासारखे वाटतात, मग अडतात. जोर लावला की ॲल्युमिनियमचे आटे जातात. एएन फिटिंगचा कोन ३७ अंशांचा, तर ब्रेक आणि गॅसच्या कामातील काही फ्लेअर ४५ अंशांचे असतात. तेही एकमेकांशी जुळत नाहीत. निमुळत्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नये. तिची एखादी चिंधी सुटली तर तिचा शेवटचा मुक्काम टर्बोच्या ऑईलच्या छिद्रात होतो. द्रव थ्रेड सीलंट पहिले दोन आटे सोडून लावावे. बँजो बोल्टला (ज्याच्या पोकळीतून ऑईल जाते अशा बोल्टला) दोन्ही बाजूंना तांब्याचे वॉशर लागतात आणि प्रत्येक वेळी ते नवे घ्यावेत, नाहीतर लाल होईपर्यंत तापवून पुन्हा मऊ करावेत. मूळ बँजोमध्ये बारीक जाळी असेल तर ती तपासून स्वच्छ करावी. तुंबलेली जाळी गेजवर दिसत नाही, कारण गेज तिच्या आधीचा दाब दाखवतो.

आता रिस्ट्रिक्टर. जर्नल बेअरिंगच्या टर्बोला ऑईल भरपूर लागते, कारण तिथे शाफ्ट ऑईलच्या थरावरच तरंगत असतो आणि उष्णताही तेच ऑईल वाहून नेते. अशा टर्बोच्या प्रवेशाला सुमारे १.५ मिमीचे छिद्र किमान मानले जाते आणि ४ एएनची लाइन त्याला पुरेशी आहे. बॉल बेअरिंगचा टर्बो थोड्या ऑईलवर चालतो. त्याच्याबाबत टर्बोच्या तोंडाशी कमाल आरपीएमवर २.८ ते ३.१ बार दाब असावा आणि इंजिनचा दाब ४ बारच्या वर जात असेल तर साधारण १ मिमीचा रिस्ट्रिक्टर वापरावा, असे सांगितले जाते. या दोन आकड्यांमधला अर्धा मिमी छोटा वाटतो, पण क्षेत्रफळ सव्वादोन पट होते. बॉल बेअरिंगसाठीचा १ मिमीचा रिस्ट्रिक्टर जर्नल बेअरिंगला बसवला, तर धूर कदाचित कमी होईल आणि काही काळाने बेअरिंग जाईल. दोन्ही घटनांमध्ये महिन्यांचे अंतर असल्यामुळे त्यांचा संबंध कुणी जोडत नाही, म्हणूनच हा उपाय इतका लोकप्रिय आहे. आपल्या टर्बोला मी रिस्ट्रिक्टर बसवणार नाही. टर्बोच्या तोंडाशी तात्पुरता गेज लावून दाब मोजावा आणि तो निर्मात्याच्या मर्यादेपेक्षा जास्त निघाला तरच पुन्हा विचार करावा.

फीडसाठी स्टीलच्या जाळीचा पीटीएफई होज घ्यावा. तो जोडताना होणारी एक चूक नेहमी दिसते. होज कापताना जाळीवर घट्ट टेप गुंडाळून पातळ कटिंग व्हीलने कापावा, नट आधी ओवून घ्यावा, मग जाळी थोडी फुलवून आतल्या पांढऱ्या नळीवर पितळी ऑलिव्ह (आवळल्यावर जोड बंद करणारी छोटी कडी) चढवावे. ऑलिव्ह जाळी आणि नळी यांच्या मध्ये जाते. केसाएवढी एखादी तार ऑलिव्हच्या आत राहिली तर जोड आवळतो, हातालाही पक्का लागतो आणि गरम झाल्यावर गळतो. म्हणून नट आवळण्यापूर्वी भिंगातून पाहावे. नंतर होजमधून हवा मारून कापण्याचा कीस काढून टाकावा. ४ एएनच्या होजला साधारण ५० मिमीपेक्षा लहान त्रिज्येचा वाक देऊ नये. मार्ग टर्बाइनच्या बाजूपासून दूर, कॉम्प्रेसरच्या अंगाने न्यावा. पेट्रोल इंजिनात टर्बाइनमध्ये शिरणारा वायू ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास जाऊ शकतो आणि इंजिन बंद केल्यावर फीडमध्ये थांबलेले ऑईल तिथल्या तिथे करपून कोळशासारखा थर धरते. फायर स्लीव्ह घालावे, पण अंतराला ते पर्याय नाही; शक्य असल्यास मध्ये पत्र्याची उष्णता-ढाल द्यावी. स्टीलची जाळी शेजारच्या वायरिंगला आणि ॲल्युमिनियमला करवतीसारखी कापते, हेही ध्यानात ठेवावे.

टर्बो चेंबरच्या पातळीइतका खाली किंवा गाडीच्या मागच्या भागात असेल तरच स्कॅव्हेंज पंप (टर्बोतले ऑईल ओढून परत चेंबरमध्ये पाठवणारा पंप) लागतो. तो फेस ओढत असल्यामुळे त्याची क्षमता फीडच्या प्रवाहाच्या कितीतरी पट हवी, टर्बोखाली छोटी टाकी हवी, आणि तो बंद पडल्याचे ड्रायव्हरला कळेल असा दिवा हवा. टर्बो खाली असेल तर इंजिन बंद झाल्यावर ऑईल त्यात उतरू नये म्हणून फीडमध्ये चेक वाल्वही लागतो. आपल्या रचनेत याची गरज नाही.

पहिल्यांदा इंजिन सुरू करण्यापूर्वी टर्बोच्या प्रवेशाच्या छिद्रात स्वच्छ ऑईल ओतून शाफ्ट हाताने फिरवावा. मग इंधन आणि इग्निशन बंद ठेवून, स्टार्टरला मध्ये विश्रांती देत, ऑईलचा दाब येईपर्यंत इंजिन फिरवावे. ड्रेन अजून जोडला नसेल तर त्याखाली भांडे धरून ऑईल खरोखर येते आहे हे डोळ्यांनी पाहून घ्यावे. नंतर आयडलवर काही मिनिटे चालवून प्रत्येक जोड तपासावा. लाइनमध्ये आणि टर्बोमध्ये गेलेले ऑईल चेंबरमधून कमी झालेले असते, ते भरून घ्यावे. इंजिन एकदा पूर्ण तापून थंड झाल्यावर फ्लँजचे बोल्ट पुन्हा आवळून पाहावेत.

आपल्या गाडीसाठी क्रम असा ठेवावा. आयडलवर धूर सुरू झाल्यावर ऑईल भरण्याचे झाकण उघडावे. धूर लगेच कमी होऊ लागला तर क्रँककेसच्या दाबाचा वाटा आहे. फरक पडला नाही तर इंजिन बंद करून ड्रेनचा होज चेंबरकडून सोडवावा, चेंबरचे छिद्र बंद करावे, होज सरळ खाली एका स्वच्छ भांड्यात सोडावा आणि डब्यातून ऑईल भरत पातळी राखून थोडाच वेळ आयडल चालवावे. धूर थांबला तर वळसा आणि चेंबरवरचा प्रवेश हेच दोषी आहेत. थांबला नाही तर फ्लँज, गॅस्केट आणि होजचा व्यास पाहावा. एअर फिल्टर तुंबलेला असेल तर कॉम्प्रेसरच्या बाजूनेही ऑईल ओढले जाते, म्हणून इनटेकचा पाइप काढून आत बोट फिरवून पाहावे. या चाचण्यांचा निकाल लावताना घाई करू नये. इतके दिवस गळलेले ऑईल सायलेन्सरमध्ये साठलेले आहे, आणि ड्रेन बरोबर झाल्यावरही ते जळून संपेपर्यंत, म्हणजे गाडी चांगली तापवून काही अंतर चालवेपर्यंत, धूर दिसत राहील. त्या आधीच टर्बो पुन्हा उतरवू नये.